घरी येणारी फिजिओथेरपी: खुब्याच्या ऑपरेशननंतरचा माझा अनुभव

घरी येऊन ज्येष्ठांना फिजिओथेरपी देणारी सेवा मी गेले काही महिने घेते आहे. माझं वय ७३. उजव्या खुब्याचं हाड मोडलं, आत रॉड बसवला आणि दुसऱ्याच दिवशी सर्जननी पायावर भार द्यायला लावला. यापुढचं सगळं फिजिओथेरपीवर आहे, असंही तेव्हाच सांगितलं. संस्थेचं नाव इथे देत नाही, कारण तुमच्याकडे येणारी माणसं वेगळी असणार. पण हा उपचार चांगला कसा असतो आणि कुठे कमी पडतो ते मी जवळून पाहिलंय, म्हणून सविस्तर लिहिते. मत आधीच सांगून टाकते: उपचार अव्वल, ऑफिसचा कारभार ढिसाळ, आणि तरीही कोणी विचारलं तर मी हीच सेवा सुचवेन.

याआधी मी एका सेंटरमध्ये जात होते. तिथे गेलं की पलंगावर झोपायचं. कमरेला आणि मांडीला गरम शेक, मग करंटचे पॅड, मग तिथला मुलगा माझा पाय हळूहळू वर-खाली करून द्यायचा. बरं वाटायचं, यात खोटं काही नाही. दुखणं तासाभरासाठी हलकं व्हायचं. पण उभी राहिले की पाय पहिल्यासारखाच लटपटायचा, कारण एवढ्या वेळात माझ्या स्नायूंनी स्वतः काहीच काम केलेलं नसायचं. म्हाताऱ्या माणसाला झोपवून ठेवणं किती महागात पडतं ते मी पुढे वाचलं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना, सरासरी वय ६७, फक्त १० दिवस अंथरुणात ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांतला जवळजवळ १ किलो स्नायूभाग गेला. ही आजार नसलेल्या माणसांची गोष्ट. हाड मोडून पडलेल्यांचं काय होत असेल!

मशीनबद्दलही एक सांगते. ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम ठरवणारी नाइस ही संस्था आहे. सांध्यांच्या झिजेसाठी व्यायाम हा मुख्य उपचार, आणि टेन्स (त्वचेवर पॅड लावून दिलेला हलका करंट), अल्ट्रासाउंड यांसारखे विजेचे उपचार देऊ नका, फायद्याचा पुरेसा पुरावा नाही, असं तिने २०२२ साली स्पष्ट लिहिलं. माझं दुखणं झिजेचं नाही, पण त्या सेंटरमधल्या बाकीच्या पलंगांवर बहुतेक गुडघ्यांच्या झिजेचेच पेशंट होते आणि सगळ्यांना पॅडच लावलेले असायचे. याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या बायकांच्या पायांत ताकद येऊ शकली असती.

आता या घरपोच सेवेबद्दल. पहिल्या भेटीला आलेल्या मुलीने मला एकही व्यायाम दिला नाही. आधी औषधांचा डबा मागितला आणि प्रत्येक गोळी कशाची ते वहीत लिहून घेतलं. झोपेची गोळी आहे का, हे खास विचारलं. मग रक्तदाब पाहिला, तोही झोपलेली असताना, आणि उभी राहिल्यावर एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणूस पडू शकतो. माझा २० हून जास्त उतरला. तिने तिथल्या तिथे डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली आणि डॉक्टरांनी एका गोळीची वेळ आणि मात्रा बदलली. सकाळी पलंगावरून उठताना मला गरगरायचं ते त्यानंतर थांबलं. मी पडले तीही सकाळीच. त्याआधी कोणीही मला उभं करून रक्तदाब घेतला नव्हता.

मग तिने टेप काढली. मी आयुष्यभर शिवणवर्ग घेतले, त्यामुळे टेप हातात धरणाऱ्याकडे माझं लक्ष जातंच. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंटिमीटर मोजून तिने पेनने खूण केली, दोन्ही मांड्यांवर त्याच जागी, आणि टेप घट्ट न ओढता, सैल न सोडता मांडीभोवती घेतली. डाव्या आणि उजव्या मांडीत अडीच सेंटिमीटरचा फरक निघाला. अडीच सेंटिमीटर म्हणजे किती कापड, हे मला डोळे मिटून दाखवता येतं. पायातली ताकद गेली, ताकद गेली असं सगळे म्हणत होते, पण ती गेलेली किती हे मला कोणी पहिल्यांदाच मोजून दाखवलं.

त्यानंतर खुर्चीची चाचणी. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालत जायचं, वळायचं, परत यायचं आणि बसायचं. ती घड्याळ लावते. १९९१ पासून ही चाचणी वापरात आहे, आणि १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. मला वॉकर घेऊन २४ सेकंद लागले. दुसरी चाचणी म्हणजे ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता-बसता येतं ते. हात छातीवर आडवे ठेवायचे. हात टेकावे लागले तर आकडा शून्य. माझा शून्य आला. ७० ते ७४ वयाच्या बाईला १० पेक्षा कमी जमणं म्हणजे सरासरीहून खाली, असं तिने सांगितलं आणि शून्य वहीत लिहून ठेवला.

शेवटी विचारलं, "काकू, तुम्हाला स्वतःला काय करता यायला हवंय?" मी दोन गोष्टी सांगितल्या. रात्री कोणाला न उठवता बाथरूमला जाऊन येणं, आणि कटिंगच्या टेबलाशी उभं राहून एक ब्लाउज पुरा कापणं. त्या दोन ओळी तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहिल्या. पुढचा प्रत्येक व्यायाम कोणत्या ओळीसाठी आहे, हे ती सांगत आली. माझ्या लेखी ही सेवा चांगली ठरते ती इथेच.

घर पाहायला तिने फार वेळ घेतला नाही, पण नजर पक्की होती. पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवरचं पायपुसणं उचललं, वायर भिंतीकडे सरकवली, त्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा ठेवायला सांगितलं, कमोडजवळ भिंतीत पक्कं हँडल बसवून घ्यायला लावलं. मागून उघड्या असलेल्या सपाता बंद करायला लावल्या. जिना उतरताना प्रोग्रेसिव्ह चष्मा नको, असं बजावलं, कारण खाली पाहताना त्याच्या वाचायच्या भागातून पायरी धूसर दिसते. वॉकरही चुकीच्या उंचीचा निघाला. ताठ उभं राहून हात सैल सोडले की दांडी मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. माझी त्याहून बरीच वर होती, म्हणून खांदे सतत कानांकडे चढलेले असायचे. तिने चारही पायांची बटणं दाबून दोन-दोन भोकं खाली घेतली. मानेचं दुखणं दोन-चार दिवसांत गेलं.

आता मुख्य काम, म्हणजे खुर्चीतून उठणं. हा एकच व्यायाम मला सगळ्यात जास्त देऊन गेला. सुरुवातीला खुर्चीवर कडक उशी ठेवून उंची वाढवली. तिच्या सूचना मला पाठ आहेत: "पुढच्या कडेवर या. टाचा गुडघ्यांच्या मागे घ्या. नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाऊ द्या. आता उठा." मी मागे रेलून उठायला बघायचे आणि धपकन परत बसायचे. पडण्याच्या भीतीने माणूस मागे झुकतो, आणि मागे झुकला की उठूच शकत नाही, हे तिने मला करून दाखवलं. बसतानाही अंग टाकायचं नाही, मनात चार आकडे मोजत खाली यायचं. त्या खाली येण्यात मांडी जी थरथरते, तेच खरं काम. काही आठवड्यांनी उशी गेली, मग हातांचा आधारही गेला.

माझा मुलगा पहिल्या दिवसांत माझा दंड धरून मला ओढून उठवायचा. प्रेमाने करायचा. ती त्याला म्हणाली, "दादा, दंड सोडा. ओढलं की काकूंचा खांदा दुखावेल, आणि त्यांचे पाय काम करणं सोडून देतील." कमरेला एक रुंद पट्टा बांधायला दिला आणि ऑपरेशनच्या बाजूला किंचित मागे उभं राहून गरज पडली तरच तो धरायचा, असं शिकवलं. घरातल्यांना शिकवणं हा या सेवेचा अर्धा भाग आहे, असं मी म्हणेन. आठवड्यात दोनदा येणारी थेरपिस्ट बाकीचे दिवस तुमच्याजवळ नसते.

दुसरा महत्त्वाचा व्यायाम पाय बाजूला उचलण्याचा. आपण चालताना एका पायावर उभे असतो तेवढा वेळ कंबर सरळ ठेवण्याचं काम खुब्याच्या बाहेरच्या अंगाचा स्नायू करतो. माझी जखम नेमकी तिथेच होती, म्हणून मी झुकत, लंगडत चालायचे. घोट्याला बांधायची वजनं अर्ध्या किलोपासून सुरू केली. दहा-दहाच्या दोन फेऱ्या सहज जमल्या की पुढच्या भेटीत वजन वाढणार, हा तिचा नियम. शेवटच्या दोन-तीन वेळा जड जायलाच हव्यात. हलकं वाटत असेल तर उपयोग नाही. मी एकदा म्हणाले, "अगं, या वयात कुठले स्नायू वाढणार?" तेव्हा तिने १९९० सालचा बॉस्टनचा अभ्यास सांगितला. वृद्धाश्रमात राहणारी, सरासरी ९० वर्षांची माणसं, ८ आठवडे जड वजनांचा व्यायाम. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे अडीचपटीहून जास्त झाली. मी त्यानंतर हा प्रश्न पुन्हा काढला नाही.

एकूण आखणी न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात तयार झालेल्या कार्यक्रमावर बेतलेली होती. त्यात ताकदीचे आणि तोलाचे मिळून १७ व्यायाम, आठवड्यात तीनदा आपले आपण करायचे, आणि जमेल तसं चालायचं. थेरपिस्ट मधूनमधून घरी येऊन वजन आणि अवघडपणा वाढवते. हा कार्यक्रम करणाऱ्या ज्येष्ठांचं पडणं साधारण ३५ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. मला सगळे १७ दिले नाहीत. पाच-सहाच दिले, पण ते पक्के करून घेतले. हे मला पटलं. कागदावर वीस व्यायाम छापून देणारे मी पाहिलेत. ते कागद कपाटात जातात.

दुखण्याबद्दलही तिने सरळ माप दिलं. शून्य ते दहामध्ये चारपर्यंत दुखलं तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ जागी यायला हवं. नाही आलं तर त्या व्यायामाच्या फेऱ्या कमी करा, व्यायाम बंद करू नका. मात्र एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर व्यायाम नाही, फोन नाही, थेट दवाखाना. ऑपरेशननंतर पायात रक्ताची गाठ होण्याची भीती असते, म्हणून हे घरातल्या प्रत्येकाला तिने स्वतः सांगितलं.

तोलाचे व्यायाम मला सगळ्यात भीतीचे गेले. खोलीच्या कोपऱ्यात पाठ करून उभं राहायचं, समोर जड खुर्ची. आधी पाय जोडून, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना चिकटवून. १० सेकंद टिकलं तर पुढचा टप्पा. टाचेला बोटं लावून उभी राहिले की घोटे थडथड हलायचे. ती म्हणायची, "हलू द्या, ते शिकतायत." पुढे चालता चालता बोलणं आलं. बोलायला लागलं की चालायचे थांबणारे ज्येष्ठ जास्त पडतात, असं १९९७ सालीच दिसून आलंय. तिने मला चालताना टाक्यांची नावं सांगायला लावली. धावदोरा, टीप, हेम, साखळी टाका, काज... सुरुवातीला तिसऱ्या नावाला माझे पाय थांबायचे. माझ्या विषयातलं विचारलं म्हणून मला त्याचा कंटाळा कधी आला नाही. ज्यांना बागकाम आवडतं त्यांना ती फुलांची नावं विचारत असणार.

काठीची गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरायची नाही, विरुद्ध हातात धरायची. उजव्या पायावर भार येतो तेव्हा डाव्या हातातल्या काठीवर दिलेला जोर उजव्या खुब्यावरचा ताण हलका करतो. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आणि काठी आधी. रस्त्यात दिसणाऱ्या किती तरी जणांची काठी चुकीच्या हातात असते, आता माझं लक्ष तिथे जातंच.

अगदी शेवटच्या भागात तिने मला जमिनीवरून उठायला शिकवलं. मी आधी साफ नाही म्हणाले. पण पडल्यावर एक तासाहून जास्त जमिनीवर पडून राहणंच मुळात धोक्याचं असतं, त्वचा, स्नायू, शरीरातलं पाणी, सगळ्यावर परिणाम होतो, हे तिने समजावलं. कुशीवर वळा, कोपरावर या, मग हात आणि गुडघ्यांवर, तसंच रांगत खुर्चीपर्यंत जा, दोन्ही हात खुर्चीवर, चांगला पाय पुढे रोवा, उठा. मला आधी शेवटची पायरी शिकवली, मग तिच्या आधीची, अशा उलट क्रमाने. त्यामुळे आपण खाली अडकू अशी वेळ एकदाही आली नाही. ज्यांचा खुबा बदललाय त्यांनी मात्र सर्जनला विचारल्याशिवाय हे करू नये. त्यांचे वाकण्या-वळण्याचे नियम वेगळे असू शकतात. हे जमल्यावर माझी भीती जेवढी कमी झाली तेवढी बाकी कशाने झाली नाही. मी त्यानंतर घरात एकटी राहायला लागले.

आता तक्रारी. ऑफिस वेळा पाळत नाही. सकाळची वेळ दुपारवर जाते आणि कळवत नाहीत. ज्येष्ठांच्या बाबतीत हे फार वाईट आहे, कारण आम्ही गोळी, नाश्ता, विश्रांती त्या वेळेभोवती बेतलेली असते. एकदा तर न सांगता दुसरा थेरपिस्ट पाठवला. मुलगा भला होता, पण त्याला माझी काहीच माहिती नव्हती आणि त्याने पुन्हा अर्ध्या किलोपासून सुरू केलं. मी पहिल्या मुलीची वही पुढे ठेवली, तेव्हा गाडी रुळावर आली. वही पेशंटकडे ठेवायची ही तिची स्वतःची सवय. संस्थेचा तसा नियम नाही, आणि तो असायला हवा. व्यायामाचा छापील कागदही निकामी आहे. अक्षर बारीक, चित्रं पुसट. मी तो जाड पेनने मोठ्या अक्षरांत उतरवून भिंतीवर लावला. शिवाय सुरुवातीलाच लांबलचक पॅकेजचे पैसे भरायचा आग्रह झाला. मी थोड्याच भेटींचे भरले आणि पुढचं चाचणीचे आकडे पाहून ठरवेन म्हणून सांगितलं. त्यांनी ते मान्य केलं, तेव्हा तुम्हीही तसंच सांगा.

ज्यांना अंग रगडून, दाबून हवं असतं त्यांना ही सेवा आवडणार नाही. माझ्या एका मैत्रिणीने दोन भेटींत बंद केली. ऐकू कमी येणाऱ्यांनी किंवा विसरायला होणाऱ्यांनी घरातलं कोणीतरी प्रत्येक वेळी सोबत बसवावं, सूचना बऱ्याच असतात. आणि ही सेवा एकट्याने घ्यायची आहे; चार जणांत व्यायाम करण्याची मजा इथे नाही. संस्थेने ज्येष्ठांचा एखादा गट सुरू केला तर मी पहिली जाईन.

सध्याचे आकडे: खुर्ची ते खुर्ची ११ सेकंद, काठीशिवाय. ३० सेकंदांत हात न टेकता ११ वेळा. मांड्यांतला फरक एक सेंटिमीटरवर आलाय. रात्री मी एकटी उठते. ब्लाउज कापून होतो, मध्ये एकदा बसावं लागतं.

नियमित भेटी आता संपल्या. वजनं मी विकत घेतली आहेत आणि आठवड्यातले तीन दिवस ठरलेले आहेत, कारण व्यायाम सोडला की आलेली ताकद जाते. तीन महिन्यांनी ती पुन्हा मोजायला येणार आहे. तोवर चाचणीची खुर्ची बदलायची नाही आणि तिच्यावर गादी घालायची नाही, असं तिने बजावलंय, कारण बसायची उंची बदलली की जुने आणि नवे आकडे जुळत नाहीत.